हणमंतरावांच्या गाडीचे घड्याळ

एका प्रश्नाचे उत्तर मांडण्यासाठी मी हे लिहायला बसलो आहे, तेव्हा तो प्रश्न आधी फळ्यावर लिहावा हे बरे. मोटारीला बाहेरून आणलेले, जास्त जोर देणारे भाग बसवले. इंजिनाच्या कॉम्प्युटरची जुनी आठवण रीतसर पुसली. गाडी उत्तम चालू लागली. आणि तरीही थोड्या दिवसांनी ती पुन्हा अडखळू लागली, तर दोष कोणाचा? भागांचा, बसवणाऱ्याचा, कॉम्प्युटरचा, की आणखी कोणाचा?

हा प्रश्न मला हणमंतरावांनी विचारला. विचारला म्हणण्यापेक्षा अंगावर फेकला म्हणणे अधिक अचूक होईल. मी बारामतीला माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवत होतो. नव्वदचे दशक सरत आले होते. दहावीच्या वर्गात विद्युतधारेचा धडा चालू असताना दारात एक उंच, रुंद खांद्यांचे गृहस्थ येऊन उभे राहिले. पांढरा शर्ट, पांढरी विजार, पायांत जाड कातडी वहाणा. परवानगी न विचारता ते थेट आत आले आणि त्यांनी माझ्या टेबलावर, हजेरीपटाच्या शेजारी, मोटारीची किल्ली आपटली.

"तुमीच का त्या शशाचं भाऊ?"

मी म्हणालो, "तास चालू आहे. बाहेर थांबा."

"गाडी बंद पडून मी रस्त्यात थांबलोय आठ दिस. आता तुमी थांबा." मग किल्ली उचलून तिचे टोक माझ्या छातीवर टेकवून ते म्हणाले, "शिकवणी तुमची, हात त्याचा, गाडी माझी. आता सांगा, भरून कोन देनार?"

मुले हसली. माझ्या वर्गात मुले माझ्या परवानगीशिवाय हसत नसत. त्या क्षणी हा माणूस माझ्या मनातून जो उतरला, तो पुन्हा पूर्णपणे कधी चढलाच नाही. ही गोष्ट मी आधीच सांगून ठेवतो, कारण व्यक्तिचित्र लिहिणाऱ्याने आपले माप कोणत्या बाजूला झुकलेले आहे हे वाचकाला कळवले पाहिजे.

हणमंतराव मूळचे निरवांगीचे. घराणे मेंढपाळाचे. त्यांच्या वडिलांनी, म्हणजे आबांनी, उभे आयुष्य कळपामागे चालून काढले होते. हणमंतरावांनी कळपाकडे पाठ फिरवून ट्रक घेतले आणि ते कारखान्याच्या ऊस वाहतुकीचे ठेकेदार झाले. बोलण्यात मात्र कळप राहिला होता. कोणी त्यांना "हणमंतराव, इथं तुमचं चुकलं" असे म्हटले, की ते म्हणत, "चूक मेंढरागत असती. एकाला वाट दिली की मागनं सगळा कळप येतो. म्हनून पयल्यालाच आडवायचं." या नियमाने ते आयुष्यभर वागले. ड्रायव्हरची चूक असे, रस्त्याची असे, सरकारची असे; त्यांची कधीच नसे. चहाचा ग्लास काठोकाठ भरलेला नसला तर परत पाठवीत. देऊळ लागले तर हात न जोडता हॉर्न वाजवीत. त्याचे कारणही त्यांच्याकडे तयार असे : "हात जोडायला स्टेरिंग सोडावं लागतं. देवालाबी हॉर्न कळतो."

त्यांनी तेव्हा पेट्रोलची नवी मोटार घेतली होती. कार्ब्युरेटरच्या गाड्या मागे पडून इंजेक्शनच्या गाड्या आपल्याकडे नुकत्याच येऊ लागल्या होत्या, त्यांपैकी ती एक. इंदापूर-बारामती रस्त्यावर, उसाच्या ट्रॉल्यांची रांग ओलांडताना, दुसऱ्या एका ठेकेदाराची तशीच गाडी त्यांच्या पुढे निघून गेली. झाले ते एवढेच. पण हणमंतरावांना ते सोसले नाही. ते तसेच माझ्या धाकट्या भावाच्या दारात गेले.

शशिकांत पुण्याच्या गॅरेजमधली नोकरी सोडून इंदापुरात नुकताच आला होता. बसस्थानकाजवळ, एका लिंबाच्या झाडासमोर, त्याने स्वतःचे गॅरेज काढले होते. नव्या गाड्यांचे काम जाणणारे ते त्या गावातले पहिलेच दुकान. पण लोकांचा अजून विश्वास बसायचा होता. "इंजिनात कॉम्प्युटर? मग गाडीला नांगराला जुंपलं तर बँकेचा हिशेब करील का?" अशी थट्टा चाले. हणमंतराव हे त्याचे पहिले मोठे गिऱ्हाईक. त्यांची गाडी पळाली तर ठेकेदारांच्या सगळ्या गाड्या शशीकडे आल्या असत्या. ती फसली तर त्याला दुकानाला कुलूप लावून पुण्याला परत जावे लागले असते. त्याने मला एवढ्याच शब्दांत सांगितले होते, "दादा, ही गाडी म्हणजे माझी परीक्षा आहे."

त्याने पुण्याहून मोकळा श्वास घेणारा एअर फिल्टर आणि रुंद नळीचा सायलेन्सर आणून बसवला. भागांबरोबरची इंग्रजी पुस्तिका मी त्याला वाचून, मराठीत समजावून दिली होती. 'शिकवणी तुमची' असे हणमंतराव म्हणाले, ते यामुळे.

येथे थोडे शिकवणे भाग आहे. अशा गाडीचा कॉम्प्युटर आत येणारी हवा मोजतो, बाहेर जाणाऱ्या धुराचा अंदाज घेतो आणि त्यावरून पेट्रोल किती सोडायचे ते ठरवतो. रोजच्या अनुभवातून तो काही बारीक दुरुस्त्या शिकतो आणि लक्षात ठेवतो. ही आठवण बॅटरीच्या अगदी थोड्या विजेवर जिवंत असते. फिल्टर आणि सायलेन्सर बदलले की हवेची वाट बदलते आणि जुन्या दुरुस्त्या बदललेल्या इंजिनाला लागू पडत नाहीत. म्हणून बॅटरीची ऋण बाजूची तार काढून काही वेळ तशीच ठेवायची. आठवणीची पाटी पुसली जाते. मग तार जोडून गाडी चालू करायची आणि ॲक्सिलरेटरला अजिबात स्पर्श न करता, दिवे, पंखा, एसी सगळे बंद ठेवून, रेडिएटरचा पंखा आपोआप फिरेपर्यंत इंजिन स्लोवर, म्हणजे नुसते उभ्या जागी हळू, चालू द्यायचे. पुढचे काही दिवस ती शांतपणे, सगळ्या गिअरमध्ये चालवायची. तेवढ्यात कॉम्प्युटर नवा धडा शिकतो.

यात अवघड भाग एकच, आणि तो यंत्राचा नाही. आमच्या भागातल्या माणसाचा पाय ट्रॅक्टरवर आणि डिझेलच्या जीपवर घडलेला. इंजिन चालू झाले की लगेच रेस देऊन ते गरम करायचे, ही पिढीजात समजूत. शशीने हणमंतरावांना पाय काढायला सांगितले की ते काढीत आणि पुन्हा ठेवीत. शेवटी शशी म्हणाला, "हणमंतराव, सीटवर मांडी घाला." आणि पांढऱ्या कपड्यांतला तो धिप्पाड माणूस स्टेअरिंगमागे, पंगतीला बसावा तसा, मांडी घालून बसला. रस्त्याने जाणारा प्रत्येक जण थांबून पाहत होता. "बघता काय?" हणमंतराव खेकसले, "गाडीची मुंज लागलीया."

पहिला आठवडा गाडी वाऱ्यासारखी गेली. दुसऱ्या आठवड्यात ती सकाळी चालू होताना कण्हू लागली, स्लोला बंद पडू लागली, चौकात झटके देऊ लागली. शशीने सगळे तपासले, पाटी पुन्हा पुसली. गाडी बरी झाली. मग पुन्हा बिघडली. असे तीनदा झाले. तिसऱ्यांदा हणमंतरावांनी जे केले ते मी कधी विसरलो नाही. गाडीची मूळ फिल्टरची काळी पेटी शशीने जपून ठेवली होती. ती त्यांनी फळीवरून काढली, समोरच्या लिंबाच्या फांदीला सुतळीने टांगली, आणि बाजाराच्या दिवशी झाडाखाली उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला मोठ्याने सांगू लागले, "बघा रं! हितं गाडीचं फुफ्फुस काढून झाडाला टांगत्यात. ज्याला गाडी मारायची आसंल त्यानं आत जावं."

शशी बाहेर आला. "हणमंतराव, काम माझ्याकडनं पुरं होईपर्यंत तरी थांबा."

"मी शिवीबी रोख देतो, उधार ठेवत न्हाय. ही आजची."

इंदापूर हे काही मोठे शहर नव्हे. त्या दिवसापासून जीपवाल्यांनी गाड्या पलीकडच्या गॅरेजला लावायला सुरुवात केली. शशीने पेटी काढली नाही. काढली असती तर हणमंतरावांनी दुसरे काहीतरी टांगले असते. त्याचा निरोप मला आला, आणि त्याच आठवड्यात हणमंतरावही किल्ली घेऊन माझ्या वर्गात आले. त्यांना मी उत्तर दिले, "रविवारी इंदापूरला येतो. गाडी घेऊन या."

"येतो की. आन् रविवारी न्हाय जमलं, तर सोमवारी तुमच्या भावाच्या दुकानाला मीच कुलूप आनतो. चांगलं पितळी आनतो, काळजी करू नका."

मी विज्ञानाचा शिक्षक. दोष शोधायचा असेल तर एका वेळी एकच गोष्ट बदलावी, बाकी सर्व तसेच ठेवावे, हे मी मुलांना दरवर्षी शिकवतो. रविवारी दुपारी इंदापूरला पोहोचताच मी हणमंतरावांना म्हणालो, "प्रथम मूळची पेटी पुन्हा बसवून पाहू. तरीही गाडी अडखळली, तर दोष नव्या फिल्टरचा नाही हे सिद्ध होईल."

"ती पेटी झाडावर हाय, आन् झाडावरच ऱ्हानार. पंचनामा हाय त्यो."

"पुराव्याला हात लावू देत नाही आणि निकाल मात्र आधीच देता?"

"मास्तर, हितं कोर्ट माझं हाय."

आसपास चार माणसे जमली होती, ती हसली. शशीने माझ्याकडे पाहिले नाही. तो बॉनेट उघडून उगाचच एक नट पुसत बसला होता. मला त्या माणसाचा असा संताप आला, की मी सरळ गाडीत जाऊन बसलो. रागावलेल्या शिक्षकाने वर्गात काहीतरी वाचत बसावे, तसा मी समोरचे डॅशबोर्ड वाचू लागलो. तेथे आकड्यांचे छोटे हिरवे घड्याळ होते. त्यात पाच वाजले होते. माझ्या मनगटावर बारा.

मी शशीला हाक मारली. "हे घड्याळ असे का?"

"काल मी स्वतः बरोबर लावून दिलं होतं, दादा."

हणमंतराव खिडकीत वाकले. "त्येबी तुमच्या भावाचीच किरपा. फिल्टर लावल्यापासनं घड्याळबी येडं झालंय. लावावं, की दुसऱ्या दिशी परत भलतंच."

"शशी, बॅटरी काढून पुन्हा जोडली की हे घड्याळ कितीवर येते?"

"एकवर."

मग ते घड्याळ वेडे नव्हते. वर्गात हुशार मुलगा चुकीच्या प्रश्नाचे बरोबर उत्तर देतो, तसे त्याचे झाले होते. आता किती वाजले हे ते सांगत नव्हते. बॅटरी जोडल्याला किती वेळ झाला हे सांगत होते. एकपासून पाचपर्यंत चार तास. बारातून चार गेले, आठ.

मी बाहेर आलो. "हणमंतराव, आज सकाळी आठ वाजता गाडी कुठे होती?"

"माझ्या दारात. निरवांगीला."

"आणि तुम्ही?"

"अंघूळ करत हुतो. का? त्येबी सांगायचं का साबन कुठला?"

"सकाळी आठ वाजता तुमच्या दारात कोणीतरी या गाडीला बॅटरी जोडली आहे. म्हणजे त्याआधी कोणीतरी ती काढली होती. शशीने शिकवलेले सगळे रात्रीत पुसले जाते, आणि सकाळी तुम्ही रेस देऊन कॉम्प्युटरला चुकीचे शिकवता."

हणमंतरावांची किल्ली पुन्हा माझ्या छातीवर आली. "माझ्या दारात कुत्रंबी इचारून येतं. तुमी माझ्या घरात चोर हाय म्हनता?"

"चोर बॅटरी परत आणून जोडत नाही."

हणमंतराव तडक गाडीत जाऊन बसले. "बसा," ते म्हणाले, "निरवांगीला चला. खोटं निघालं तर परत चालत यायचं."

त्यांनी गाडी निरवांगीच्या रस्त्याला घातली. दोन देवळे लागली. हॉर्न वाजला नाही.

त्यांचे घर पक्के, रंगवलेले, पुढे ट्रकसाठी मोठे अंगण. ऊसतोडीचा हंगाम असल्यामुळे अंगणात एकही ट्रक नव्हता. घराच्या मागे, रस्त्यावरून दिसणार नाही अशा जागी, बाभळीखाली दोऱ्यांच्या जाळीचे गोल कुंपण होते. मेंढपाळ त्याला वाघर म्हणतात. आत थोडी मेंढरे आणि नुकतीच जन्मलेली कोकरे होती. कुंपणाच्या काठीला बॅटरीवर चालणारी एक छोटी ट्यूबलाइट बांधलेली होती आणि तिच्या दोन तारांच्या टोकांना चिमटे लोंबत होते. शेजारी घोंगडीवर आबा बसले होते. पागोटे, पांढऱ्या मिशा, हातात पक्कड.

हणमंतरावांनी ती पक्कड पाहिली. मीही पाहिली.

"आबा," त्यांचा आवाज मी प्रथमच इतका खाली आलेला ऐकला, "गाडीची ब्याटरी तुमी काढता?"

"व्हय, काढतो की." म्हाताऱ्याने मान वर केली. "ज्या आठवड्यात रातची लाइट नसती तवाच काढतो. दिस वर आला की आनून लावतो. का? कमी झाली का?"

"कशापायी?"

"लांडगं येत्यात. दोन कोकरं नेली. उजेड आसला की त्ये जवळ येत न्हाईत. ट्रक समदे ऊसावर. घरी ऱ्हाती ती ही एकच गाडी. मग काय करू? तुजा त्यो कंपूटर राखनार हाय का मेंढरं?"

मला गाडीचे कोडे उलगडले. आमच्याकडे तेव्हा शेतीची वीज आठवड्याआड पाळी बदलून येत असे. एका आठवड्यात रात्री, एका आठवड्यात दिवसा. म्हणून गाडी एक आठवडा चांगली आणि एक आठवडा वाईट चालत होती. शशीने पाटी पुसल्यामुळे ती बरी होते असे आम्हांला वाटे, पण अनेकदा नुसती विजेची पाळी बदललेली असे. शिवाय रात्रभर ट्यूब जळून बॅटरी निम्मी रिकामी झालेली, म्हणून सकाळचे ते कण्हणे. पण हे सगळे मी त्या वेळी बोललो नाही, कारण त्या बापलेकांत काही वेगळेच चालले होते.

"आबा, मला सांगायचं तरी."

"सांगितलं आस्तं तर तू मेंढरं इकली आस्तीस." आबा अगदी शांतपणे म्हणाले. "तूच म्हनला हुतास ना, ठेकेदाराच्या दारात मेंढरू दिसाया नको? न्हाय दिसत. मागं ठिवल्यात."

हणमंतराव उभेच राहिले. माझ्या वर्गात किल्ली आपटणारा, झाडाला पेटी टांगणारा तो माणूस एका म्हाताऱ्यासमोर खाली मान घालून उभा होता, आणि एक कोकरू त्यांच्या पांढऱ्या विजारीला अंग घासत होते. त्यांनी ते दूर सारले नाही.

परतीच्या वाटेवर निम्मा रस्ता संपल्यावर ते समोर पाहतच बोलले.

"मास्तर, माझ्या बापाचं नाव बाजारात निघाया न्हाय पायजे. लोक म्हनत्याल, ठेकेदार झाला आन् बाप लेकाच्या गाडीत चोरून हात घालतोय. म्हाताऱ्याचं हसं हुईल."

"आणि माझ्या भावाचे नाव? ते तर झाडाला टांगलेले आहे."

"त्ये मी टांगलंय. मीच काढीन."

"कसे?"

"त्ये तुमी शिकवू नका."

इंदापूरला पोहोचलो तेव्हा दुकानासमोर मघापेक्षा जास्त माणसे होती. काय निकाल लागतो ते पाहायला थांबलेली. हणमंतराव उतरले, लिंबाखाली गेले, आणि त्यांनी सुतळी एका हिसक्यात तोडून पेटी खाली घेतली. मग ते त्याच, बाजाराच्या दिवशीच्या, आवाजात बोलू लागले.

"ऐका रं! गाडीत काय खोट न्हवती. ह्या पोराच्या हातातबी न्हवती. मला भ्या वाटायचं की रातचं कोनतरी गाडी नेईल, म्हनून ब्याटरी मीच काढून घरात ठिवत हुतो. त्यानं कंपूटर सगळं इसरायचा. पोराचा हात चोख हाय."

मी बोलण्यासाठी तोंड उघडले. खरे आणि खोटे यांची सरमिसळ झाली की ती दुरुस्त करायची, ही माझी शिक्षकाची सवय. हणमंतरावांनी मान वळवून माझ्याकडे पाहिले. किल्ली हातात होती, पण ती त्यांनी उचलली नाही. त्यांनी फक्त पाहिले. मी तोंड मिटले.

चहाच्या टपरीवरून कोणीतरी विचारलेच, "म्हंजी हणमंतराव, चूक तुमची म्हना की!"

ज्या माणसाने आयुष्यात एकाही मेंढराला वाट दिली नव्हती, त्याच्या तोंडाकडे सारे पाहत होते.

"व्हय. माझी." हणमंतराव म्हणाले. "हसायचं आसंल त्यानं आत्ताच हसून घ्या. उद्या हसला तर दात मोजून घेईन."

कोणीही हसले नाही. हणमंतराव गाडीत जाऊन बसले आणि न सांगता त्यांनी मांडी घातली. शशीने पाटी पुन्हा एकदा पुसली. रेडिएटरचा पंखा फिरेपर्यंत ते तसेच, पेटी मांडीवर घेऊन, समोर पाहत बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वाघरीसाठी वेगळी बॅटरी आणली आणि ती जोडायला शशीलाच नेले. महिन्याभरात तीन ठेकेदारांच्या गाड्या शशीच्या दारात उभ्या राहिल्या. त्याचे दुकान आजही त्याच लिंबासमोर आहे.

वाचकांना वाटेल की यानंतर आमचा स्नेह जमला असेल. तसे झाले नाही. हणमंतराव माझ्याशी पूर्वीपेक्षा अधिक तुसडेपणाने वागू लागले. रस्त्यात भेट झाली तर काच वर घेत. शशीला त्यांनी एकदा सांगितले, "तुजा भाऊ शाना हाय. शान्या मान्साला दोन हात लांब ठिवावं; त्याला आपल्या घराचं घड्याळ कळतं." मलाही त्यांची ओढ नव्हती. त्यांनी माझ्या भावाला जो त्रास दिला, तो एका खोट्या कबुलीने भरून निघाला असे मला वाटत नाही. झाडाला पेटी टांगण्याआधी स्वतःच्या घरामागे एकदा फिरून आले असते, तर सगळेच टळले असते. मात्र त्या कबुलीची किंमत मला कळत होती. खरी चूक कबूल करणारी माणसे मी थोडी पाहिली आहेत. न केलेली चूक, तीही भर बाजारात, आपल्या बापासाठी अंगावर घेणारा माणूस मी एकच पाहिला, आणि तो मला आवडत नव्हता.

आबा काही वर्षांनी गेले. मेंढरे मात्र विकली गेली नाहीत. पुढे हणमंतरावही गेले, अचानक, ट्रक मोजत असताना. ज्या कारणासाठी ते खोटे बोलले ते कारण आता उरलेले नाही, म्हणून हे लिहितो आहे.

त्यांच्या दहाव्याला मी शशीबरोबर निरवांगीला गेलो होतो. प्रवचन सुरू व्हायच्या वेळीच वीज गेली. लाउडस्पीकर चालवायला कोणीतरी अंगणातल्या त्या जुन्या मोटारीची बॅटरी काढून आणली. कार्यक्रम उरकल्यावर ती परत बसवली गेली आणि त्यांच्या मेहुण्यांनी गाडी चालू करून दणकून रेस दिली. इंजिन अडखळले, झटके देऊन बंद पडले. मेहुणे म्हणाले, "मालक गेलं, गाडीबी गेली."

शशी गर्दीतून पुढे झाला. "पाहुणं, पाय काढा. जरा उतरा."

तो स्टेअरिंगमागे बसला. किल्ली फिरवली. मग त्याने वहाणा काढल्या आणि सीटवर मांडी घातली. जमलेली माणसे काही न समजून पाहत राहिली. हिरव्या घड्याळात नुकताच एक वाजला होता. इंजिन प्रथम थरथरले, मग हळूहळू त्याचा आवाज एकसारखा झाला. घरामागून मेंढरांचा आवाज येत होता. पंखा फिरला, थांबला. शशी मांडी मोडून उतरला आणि त्याने किल्ली मेहुण्यांच्या हातात दिली. टेबलावर आपटली नाही, छातीवर टेकवली नाही; हातात दिली.

माझ्या प्रश्नाचे उत्तर मी माझ्या परीने दिले आहे. पण ते केवळ मी लिहिले म्हणून मानू नका. आपल्या गाडीत असे घड्याळ असेल आणि ती वरचेवर अडखळत असेल, तर मेकॅनिकला दोष देण्यापूर्वी एकदा ते घड्याळ पाहा, ते एकपासून किती पुढे सरकले आहे ते मोजा, आणि तितक्या तासांपूर्वी गाडी कोणाच्या दारात उभी होती ते स्वतः जाऊन पडताळून पाहा.